चादरींची गुंडाळी

गुरुवार, नऊ तारीख

प्रिय ठिणगी,

आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण या वयात तेवढी सोबत हवीच. तुझ्या आईने नवा मिक्सर आणलाय, तो माझ्यापेक्षा जास्त ओरडतो. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा अक्षराला हसू नकोस आणि शेवटपर्यंत वाच.

काल तुमच्या बंबवाल्यांच्या संघटनेचा सेक्रेटरी येऊन गेला. संघटनेतली सगळ्यात जुनी विधवा मी, म्हणून वर्षातून एकदा बघून जातो, मोडीत काढलेला बंब बघावा तसा. चहा पिता पिता म्हणाला, "आजी, नातीने दोन रविवार बुडवले."

फोनवर तर रोज "सगळं ठीक" म्हणतेस.

ही रीत तुझ्या आजोबांच्याही आधीची. आगीत माणूस गेला की वर्षभर दर रविवारी त्याच्या शिफ्टमधलं कोणीतरी त्याच्या घरी जातं आणि तो करायचा ती कामं करतं. नळ, बल्ब, जळमटं. सांत्वन नाही, पुढ्यात बसून उसासे नाहीत. आणि त्या शेवटच्या आगीत जो त्याच्या जोडीला होता, पहिले चार रविवार त्याचे. हा नियम काढणारा मेला बिनलग्नाचाच असणार.

तुम्ही दोघं एक पाइप धरून आत गेलात. तू बाहेर आलीस, तो आला नाही. आता त्याच्या बायकोचं दार वाजवायला तुझा हात उचलत नाही. कळतं मला.

तुझे आजोबा गोदामाच्या आगीत गेले, तेव्हा त्यांच्या जोडीला जाड्या होता. तोच, तुला खांद्यावर घेऊन फिरायचा तो. पहिल्या रविवारी आला. मी दार उघडलं नाही. दोन तास पायरीवर उभा राहिला आणि गेला. दुसऱ्या रविवारी अंगणातला नळ दुरुस्त केला. आधी थेंब थेंब गळायचा, मग धार लागली.

तिसऱ्या रविवारी दोरीवर चादरी वाळल्या होत्या. खिडकीच्या फटीतून बघते तर हा चादर उभी दुमडतोय आणि मधून गुंडाळत चाललाय, दोन्ही टोकं बाहेर. तुम्ही पाइप गुंडाळता तशी.

तुझे आजोबा अगदी तशीच गुंडाळायचे. मी वैतागायचे, "चादर आहे ती, कुठे आग लागलीय?" तर म्हणायचे, "लागली तर पटकन उलगडेल." अंथरूण घालताना टोक धरून भिरकावायचे, चादर सरळ भिंतीला जाऊन लागायची. तुझा बाप खिदळायचा, पुन्हा पुन्हा करायला लावायचा. झोपायची वेळ टळून जायची, आणि मी दोघांवर ओरडत बसायचे. ते ओरडणं फार सुखाचं होतं, तेव्हा कळलं नाही.

मी दार उघडलं. रडायला नाही, भांडायला.

"अरे, चादर आहे ती!"

"वहिनी, मला दुसरी घडी येतच नाही."

मग चहा टाकला. काय करणार?

आता जे कोणाला सांगितलं नाही ते. दार बंद का होतं, माहीत आहे? दवाखान्याच्या आवारात, सगळ्यांदेखत, मी त्याला म्हणाले होते, "तू कसा रे आलास परत?" हातांना पट्ट्या बांधलेला माणूस.

ते पहिले दोन रविवार मी आतून कडीवर हात ठेवून उभी असायचे. काढवतही नव्हती, सोडवतही नव्हती. तो गेला की एकच धास्ती, आता पुढच्या रविवारी येतो की नाही. तो आला नसता, तर ते बोलणं मरेपर्यंत माझ्या तोंडात राहिलं असतं. माफी त्याने मागितली नाही, मीही नाही. तेवीस वर्षं चहा मात्र पाजला.

तुझे दोन रविवार उरलेत. जा. ती उघडणार नाही, किंवा उघडून वाईट बोलेल. ऐकून घे. उलट उत्तर देऊ नकोस, तुझी जीभ माझ्यावर गेलीय. नळाला हात लावू नकोस. दोरीवर काही असेल तर काढ, आणि तुला येतं तसंच गुंडाळ.

दारापलीकडे कोणी नाही असं समजून मागे फिरू नकोस.

तुझी,
कडीवर हात ठेवून उभी असलेली,
आजी