झेलकरी आणि तीन मरणांचा नियम

डुलूथ, २७ सप्टेंबर १९८३

ती. दादास,
सा. न. वि. वि., आणि खेळाचा सूत्रधार म्हणून वेगळा, जरा ताठ नमस्कार.

एखादा नियम कागदावर न्याय्य असेल आणि टेबलावर आल्यावर अन्याय करू लागला, तर चूक नियमाची की माणसांची? दोन दिवस विचार करतेय, मला उत्तर येत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना विचारलं असतं, पण ती लगेच गुण किती म्हणून विचारतात.

झेलकरी हा पेशा मी उन्हाळाभर खपून बनवला. आपल्या रविवारच्या फाशांच्या खेळात योद्धा मारतो, चोर पळतो, जादूगार जाळतो; सोसत कुणीच नाही. म्हणून झेलकऱ्याच्या हाती शस्त्र नाही, पण सोबत्यावर येणारा घाव तो स्वतःवर घेऊ शकतो. त्यासाठी त्याला इतरांच्या दुप्पट प्राणांक दिले. तीन पानं गणित केलं होतं. आणि तू लिहितोस की पपांचा झेलकरी दुसऱ्याच रविवारी मेला. हे गणितामुळे नाही, रोझेलामुळे झालं. आतेबहीण असली म्हणून काय, तिचा योद्धा ढाल विकून आलाय का?

पेशा वहीतून खोडू नकोस. पेपर मिलमधून निवृत्त झाल्यापासून पपा नुसते टीव्हीसमोर असायचे. तळघरात तुमचा खेळ चालू असताना ते खारे प्रेट्झेल घ्यायला उतरले आणि खुर्ची ओढून बसले, हे तूच कळवलंस.

फासा कसाही पडला तरी लोभ तेवढाच राहू दे.

तुझी ट्रूडी

लिटल शूट, ३ ऑक्टोबर

चि. ट्रूडीस अ. आ.; घरातली पहिली पदवीधर म्हणून त्यात वरचे चार.

काल पपांचा झेलकरी पुन्हा मेला. तुझ्या तीन पानांत एक गोष्ट राहिली. झेलकऱ्याला नको म्हणता येतं, पण पपा म्हणत नाहीत. रोझेला राक्षसाच्या गुहेत ढाल न घेता गाणं म्हणत शिरली. मी विचारलं, बाई, जिवाची काही पडलीय का. तर म्हणाली, मामा आहेत ना. मामांनी येऊ दे म्हणत सोळाचा घाव अंगावर घेतला. शेजारचा मिलो एरवी दार उघडायच्या आधी तीनदा कान लावतो. काल तोही सापळ्यांवरून नाचत गेला. पपा इतके खूश होते, की पॅकर्सच्या फुटबॉल सामन्याचा उत्तरार्ध बघायलाही वर गेले नाहीत.

आता पंचाईत ऐक. एका हंगामात ज्याची तीन पात्रं मरतील त्याने ईस्टरपर्यंत टेबल सोडायचं, हा नियमही तुझाच. लोकांनी विचार करून खेळावं म्हणून भांडून मंजूर करून घेतलास. दोन्ही नियम वेगवेगळे तपासलेस, एकमेकांशेजारी ठेवून बघितले नाहीस. तो रद्द करता येत नाही, कारण गेल्या वर्षी मिलो त्यापायी चार महिने घरी बसला. झेलकरी खोडला तर पपा दुसरं काही खेळत नाहीत. योद्धा देऊ केला, तर म्हणाले, मला कुणाला मारायचं नाही. म्हणजे पेशा खोडला तरी ते उठणार, आणि ठेवला तर तिसऱ्यांदा मरून उठणार.

बनवणारीला पहिल्या हंगामात आपल्या पेशात बदल करायचा हक्क आहे. काही सुचत असेल तर वेळेत सुचू दे. बाकी मला विचारशील तर तू पेशा बनवलाच नाहीस. तुझ्या कॉलेजसाठी चार वर्षं रविवारच्याही पाळ्या करणाऱ्या माणसाचं चित्र काढलंस.

तुझा बर्टदादा

लिटल शूट, १० ऑक्टोबर

चि. ट्रूडी,
आशीर्वाद. तिकडे थंडी लवकर पडते, कान झाकत जा.

तू कळवलेला बदल बर्टने वाचून दाखवला. घाव झेलण्याआधी सोबत्याने तसं तोंडाने मागायला हवं म्हणतेस. सोटा डोक्यावर येत असताना रोझेलाने काय अर्ज लिहायचा? ते मला जमायचं नाही.

काल माझा तिसरा गडी पडला. अजून मेला नाही, पण प्राण शून्यावर आहेत. पुढच्या खेळात पहिला फासा माझा. वीसपैकी पंधराच्या खाली आला की संपलं. या रविवारी चर्चच्या अंगणात बूयाच्या रश्श्याचा हंडा चढणार आहे, ढवळायला मी आहे, म्हणून खेळ तेवीसला.

माझ्यासाठी नियम वाकवू नकोस. मिलो बसला, मीही बसेन. पण खोटं कशाला बोलू, खालची खुर्ची मला आवडते. मिलमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी तीस वर्षं धड बोलता आलं नाही, यंत्र बोलू द्यायचं नाही. इथे सगळे बोलतात, आणि सगळे एकदम.

पपा

डुलूथ, १९ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि. हे पत्र रविवारी टेबलावर मोठ्याने वाच. रोझेलाचं नाव आलं की थांबून तिच्याकडे बघ.

पपांचं बरोबर आहे, मागून घेतलेलं झेलणं हे झेलणं नव्हेच. तुझंही बरोबर आहे. त्या चित्राच्या वाक्यावर मी एक अख्खा दिवस तुझ्यावर चिडून होते. मग लक्षात आलं, की त्या चित्रातच चूक आहे. त्यात घाव एकाच दिशेने जातात.

म्हणून बनवणारीच्या हक्काने एक ओळ वाढवते. झेलकऱ्याचा घाव सोबत्यालाही घेता येईल. मात्र घ्यायचा तर पूर्ण, फासा टाकायच्या आधी. आणि झेलकरी शून्यावर असेल तर घेणारा त्याच्या जागी मरेल. झेलकऱ्याची परवानगी लागणार नाही. तोही कुणाची घेत नाही.

हा नियम वाकवणं आहे का, ते मी मिलोला आधी विचारलं, कारण चार महिने त्याचे गेलेत. त्याचं कार्ड आलं. ओळ रास्त आहे म्हणतो, फक्त गेल्या वर्षी सुचली असती तर बरं झालं असतं. रोझेलाला सांग, आता ढाल लागेल.

म्हणजे या रविवारी कुणी तरी मरायला हवं. माझी जादूगारीण इझेल्डा अजून तुमच्याबरोबर त्याच गुहेत आहे. मी इथे आल्यापासून तू तिला कंदील धरून मागे चालवतोस, कुणी तिला हात लावत नाही. सात वर्षं खेळले तिला. तिच्या प्राणांकांचा कागद माझ्याकडेच होता.

पपांना खुर्चीत बसवून ठेव, आणि माझ्यावरची माया थोडी त्यांच्याकडे वळव.

तुझी ट्रूडी

ता. क. पपांचा घाव इझेल्डाने घेतला. काल तिचे प्राणांक खोडून शाईने शून्य लिहिलं, खाली सही केली आणि कागद टपालात टाकला. हे पत्र येईल तेव्हा तो तुझ्या हातात असेल.