पाचव्या चाकावरचं घोंगडं

गोरेगाव (जि. हिंगोली), शनिवार

प्रिय रागिणी,

सुट्टीवर येऊन तीनच दिवस झालेत, पण आज सकाळपासून जीव एका जागी ठरत नाही. जेवता जेवता उठतो, अंगणात फेऱ्या मारतो, पुन्हा ताटावर येऊन बसतो. आई म्हणते, पोराला नजर लागली. तुला चारदा फोन लावला आणि घंटी वाजायच्या आत कापला. हसशील तू. कारखान्यात माझी बडबड थांबवायला हातात चहा द्यावा लागतो तुला.

घरचं बरं आहे. अण्णांचा भाता अजून चालू आहे. बैलगाड्या थोड्याच उरल्या, पण गावातल्या प्रत्येक चाकाची लोखंडी धाव त्यांनीच चढवलेली. लहानपणी माझं काम एकच. लाकडी चाकावर लालभडक धाव बसली की बादलीभर पाणी ओतायचं. लोखंड आवळतं, लाकूड करकरतं, आणि धाव अशी बसते की वर्षानुवर्षं हलत नाही. हे तुला शंभरदा सांगून झालंय.

काल अण्णांनी जुन्या कुऱ्हाडीला नवं पोलाद जोडलं आणि ती तापलेली कुऱ्हाड हळूहळू निवावी म्हणून मला राखेत पुरायला सांगून चहाला गेले. मी सवयीनं पाण्यात बुडवली. दिसायला छान दिसत होती. आज सकाळी पहिल्याच घावाला तुकडा उडाला. अण्णा भडकले, "धावेचं लोखंड येगळं, पोलाद येगळं. त्याला घाई चालत न्हाई. एवढं शिकून काय करून राहिला तू तिकडं?"

तेव्हापासून मला बसवत नाही.

मालगाडीची ती सहा झिजलेली चाकं आठव. लेझरनं धातूची पूड वितळवून मी थर चढवले. तू प्रत्येकावर जाड घोंगडं टाकायला लावलंस, रात्रभर हळूहळू निवू दे म्हणालीस. नंतर तिसरं चाक कापून भिंगाखाली पाहिलंस, एकही तडा नव्हता, आणि त्यावरून उरलेल्या पाचही चाकांचं आयुष्य मांडलंस, आणखी दोन लाख किलोमीटर. साहेबांसमोर म्हणालीस, अंगदच्या हाताला गुण आहे. त्या दिवशी मी हवेत होतो. बोलायला हवं होतं ते तेव्हाच.

पाचव्या चाकावरचं घोंगडं तू गेल्यावर मी काढलं होतं. वर कूलर लावला. आळस नव्हता गं. पटकन गार झालं की थर घट्ट आवळेल, तुझं काम जास्त टिकेल, असं या लोहाराच्या लेकाला वाटलं. नोंदवहीत मात्र 'झाकलेलं' असंच लिहिलं. वरून ते चाक बाकीच्यांसारखंच चकचकीत आहे. आत काय झालंय ते मला माहीत नाही आणि तुलाही नाही.

सोमवारी तू त्या दोन लाखांखाली सही करणार, मग ते चाक गाडीखाली जाणार. फोनवर मी सारवासारव केली असती, म्हणून लिहिलं. खाली पूर्ण नाव घालून सही केली आहे. हा कागद फाईलला लाव, नोकरीचं व्हायचं ते होवो. पाचवं चाक आधी काप. आताच्या जीपनं हिंगोली गाठतो, तिथून गाडी. पत्र मीच आणून तुझ्या टेबलावर ठेवणार आहे. वाचून झालं की वर बघ. मी दारातच उभा असेन.

तुझाच,
अंगद रखमाजी लोहार
(चाक क्रमांक पाच. घोंगडं मी काढलं.)