गोल थिंबल की बेचकी

नगर, एमआयडीसी
९ मे १९९४

श्री. गोरक्षनाथ दाजी यांच्या चरणी मेहुणा राधाकृष्ण याचा दंडवत. आम्ही इकडे ठीक आहोत. तुमची कंबर आणि आक्काचा राग, दोन्ही उतारावर असतील अशी आशा करतो.

तुमचं कार्ड पोचलं. रेश्माचा विमान दुरुस्तीच्या कोर्सला नंबर लागला असला तरी पाठवायचं नाही, रविवारी पाहुणे बघायला येताहेत, तिला घरी राजूरला धाडा, हे वाचलं. दाजी, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पोरीच्या जातीनं विमानात डोकं घालून करायचं काय? (पॉलिटेक्निक माझ्या घरी राहून केलं, तेवढं पुष्कळ झालं.)

आता इकडची हकीकत. एका विमान शिकवणाऱ्या संस्थेनं आमच्या शेडकडून थिंबलांचे नमुने मागवलेत. थिंबल म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायची तांब्याची टोपी. तिच्यातून स्क्रू जातो. एक गोल, बांगडीसारखी बंद, आणि दुसरी बेचकी, पुढून उघडी. मी म्हणालो बेचकीच पाठवायची. स्क्रू नुसता ढिला करा, बेचकी सरकवा, पिळा, झालं. गोलाला स्क्रू अख्खा काढावा लागतो, आणि विमानाच्या पोटात पडलेला स्क्रू कुणाच्या बापाला सापडतो? वीस वर्षं या धंद्यात आहे, उगाच नाही बोलत.

तुमची कन्या म्हणाली, "मामा, स्क्रू ढिला झाला तर बेचकी निसटते. जीप रस्त्याच्या कडेला उभी करता येते. विमान कुठं उभं करणार?"

मला राग आला. (खरं असलं की मला जास्त येतो, आक्काला विचारा.) आमच्याकडे हादरे देऊन बघायचं मशीन नाही, पण कर्जतचा रस्ता आहे. आमच्या ओळखीच्या कानिफनाथची वडापची, सीटा भरून भाडं मारणारी जीप घेतली. रेश्मानं हॉर्नच्या वायरीला बेचकी लावली, गाण्याच्या टेपच्या वायरीला गोल, आणि दोन्ही स्क्रू मुद्दाम अर्धे ढिले ठेवले. आमची पैजही लागली. ती काय, ते पुढे सांगतो.

मिरजगावच्या अलीकडे एका खड्ड्यात जीप अशी आपटली, की बेचकी निसटून वायर पत्र्याला टेकली आणि हॉर्न जो बोंबलायला लागला तो थांबेचना. पुढे एका गावाच्या वेशीत नवरीकडची मंडळी वऱ्हाडाची वाट बघत ताटकळलेली. हॉर्न वाजवत जीप आली म्हणजे वऱ्हाडच, यात कुणाला शंका? बँड सुरू झाला, रस्ता अडला, आणि जीपमधला सगळ्यात जास्त पोट सुटलेला माणूस तो नवऱ्याचा मामा, असं ठरवून त्यांनी मला खाली ओढलं. कुंकू लावलं, खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी घातली. मी तो नव्हे, असं मी जीव तोडून सांगत होतो, पण त्या हॉर्नपुढे ऐकतो कोण?

तेवढ्यात रेश्मानं वाकून ती वायर धरून बाजूला केली. हॉर्न एकदम बंद. त्या शांततेत माझा आवाज तेवढा राहिला: "मी थिंबलवाला हाय!" आणि जीपमधला टेप आपला सुरूच. गोल थिंबल स्क्रूवर खुळखुळत होती, पण जागा सोडली नव्हती.

मी टोपी काढायला गेलो, तर नवरीची आई केशरबाई म्हणाल्या, "घातलेली टोपी काढायची न्हाई. आता तुमी आमचं पाव्हणं. जेवून जावा." दाजी, काय ती बुंदी! खरा मामा आला तोवर माझी दुसरी पंगत चालली होती. त्यानंही हसून शेजारी पाट मांडला. फार मजा आली. काल नमुने गेले, सगळे गोल.

तुमचा,
राधाकृष्ण

ता. क. टॉवेल आक्कासाठी ठेवलाय. टोपी मी देणार नाही.

ता. क. दुसरा: पैज अशी होती, की रेश्मा जिंकली तर तिच्या कोर्ससाठी मी तुमच्यापुढे पदर पसरायचा. दाजी, पसरला. तिला जाऊ द्या. वर 'शंभर टक्के बरोबर' लिहिलंय खरं, पण बेचकीबद्दलही मी तसाच ठाम होतो. उद्या कुणाची तरी लेक त्या विमानात बसणार, तेव्हा ते स्क्रू आपल्या रेश्मानं तपासलेले असावेत, असं मला मनापासून वाटतं.

ता. क. तिसरा: पाहुण्यांना आता नाही म्हणणं बरं दिसणार नाही. येऊ द्या. आक्काला पोहे करायला सांगा. रविवारी मी येतो आणि टोपी घालून पाटावर बसतो. त्यांना बघायलाच यायचंय ना, मग मला बघू देत.