संपतच्या दारातलं स्टेशन

११ ऑगस्ट २००२, रविवार
यंदा घरगुती गणपती सजावट स्पर्धेत पहिला नंबर आपला. विषय ठरला: निरगुडसरला रेल्वे आली! तालुक्यात आगगाडीच नाही, म्हणून कुणाला सुचणार नाही. शेजारचा चुलतभाऊ संपत दोन वर्षं धबधबा करून पहिला येतोय. धबधबा म्हणजे काय, तर कूलरची मोटर. मी ड्रॉइंग टीचर. त्याच्यावर माझा राग नाही.

१७ ऑगस्ट
प्लॅन तयार. प्लायवर अख्खं गाव, नदी, पूल, बोगदा. सौ.नं विचारलं, बाप्पा कुठं बसणार? राहिलेच होते. बोगद्यावर घेतले.

२५ ऑगस्ट
पुण्याला जाऊन सेलवरची गाडी आणली. परत येतो तर संपतनं बंगल्याला गुलाबी रंग दिलेला. सौ. दोनदा म्हणाली, खुलून दिसतो.
रात्री प्लॅनमध्ये बदल. सगळ्यांची घरं थर्माकोलची करायची, पण संपतच्या बंगल्याची जागा रेल्वेला लागते. नाइलाज आहे. तिथं स्टेशन, मालधक्का आणि सार्वजनिक मुतारी. यात जळण्याचा संबंध नाही, हे प्लॅनिंग आहे.

८ सप्टेंबर
ट्रायल झाली. गाडी झकास पळते. बंगला नसल्यामुळे गाव मोकळं वाटतं.

११ सप्टेंबर
काल बाप्पा बसले. आज बघायला ही गर्दी! पण जो तो विचारतो, स्टेशन कुणाच्या जागेत? मग म्हणतात, संपत लई नशीबवान राव, दारातनंच गाडीत बसणार. मंडळाचे गेणभाऊ त्याला स्टेशनमास्तर म्हणायला लागले. मुतारी कुणाला दिसतच नाही. माझं नाव कुणी काढलं नाही.
संध्याकाळी संपत पेढे घेऊन आला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, "दादा, बंगला गेला तर जाऊ दे. एवढ्या गावात स्टेशन तू माझ्या दारात दिलंस. सख्ख्यानं दिलं नसतं."
पेढा सौ.ला देऊन टाकला.

१२ सप्टेंबर
उद्या परीक्षक. स्टेशन आपल्या दारात हलवतोय. सौ. म्हणाली, राहू द्या की, भावजींना किती आनंद झालाय. बायकांना रेल्वेतलं कळत नाही. रूळ उचकटून आपल्या घराशी वळवले. वळण जरा आवळलं गेलं, चालेल. सेल वाचावेत म्हणून ट्रायल घेतली नाही.

१३ सप्टेंबर
गाडी पुलावरून गेली, बोगद्यातून निघाली, आपल्या वळणावर आली आणि आपल्याच घरावर उलटली. छप्पर आत गेलं. परत सोडली, परत उलटली. परीक्षक काहीतरी लिहून गेले. संपत मागं उभा होता. स्टेशनच्या रिकाम्या जागेकडं बघितलं, इंजिन उचलून रुळावर ठेवलं आणि गेला. बहुतेक जळला असेल.

२० सप्टेंबर
विसर्जनाआधी बक्षीस समारंभ. पहिला संपत, धबधबा. मला उत्तेजनार्थ, 'अपघात टाळा' या जनजागृतीबद्दल.
संपतनं माइक घेतला. म्हणाला, "हे बक्षीस माझ्या दादाचं हाय. वळणावर गाडी पडनार, हे त्याला आधीच कळलं व्हतं. माझ्या दारात इपरीत नको म्हणून त्यानं राती रूळ काढून स्वतःच्या घरावर घेतले."
अख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या. मला हात धरून वर नेलं, हार घातला.
सौ.नं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती खालून नुसती माझ्याकडं बघत होती.