वेल रडली तर रडू द्यावी

मी सटवाजी वल्द माणिकराव, वय साठीच्या पलीकडे, धंदा शेती, राहणार मौजे बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, आज पुरत्या शुद्धीवर असून राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहवून देतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायलासुद्धा घरात दुसरे माणूस नाही.

मला मूलबाळ नाही. पत्नी मनकर्णा वारली. सख्खा धाकटा भाऊ मुंजाजी हयात आहे. तो भिंतीपलीकडे राहतो आणि माझ्याशी बोलत नाही.

राहते घर बायनाबाईस द्यावे. ही विधवा बाई माझी द्राक्षे टोपलीत घालून मानवतच्या बाजारात विकते. दरावरून माझ्याशी कडाकडा भांडते, पण या घरात माणसाचा आवाज होतो तो तेवढाच. मनकर्णाचे चांदीचे तोडेही तिलाच द्यावेत.

मानवतचा दुकानदार बन्सीधर यास माझ्या बागेतला एकही घोस देऊ नये. "सटवाजीचे अंगूर लय आंबट हायती," असे तो भर बाजारात ओरडला. 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' ही म्हण त्याला पाठ होती, द्राक्ष मात्र त्याने माझ्याच टोपलीत पहिल्यांदा पाहिले.

आता बाग. मागच्या मोठ्या लढाईत मी औरंगाबादच्या छावणीतून पलटणीच्या घोड्यांबरोबर फ्रान्सात गेलो. तिथे एका म्हातारीच्या तबेल्यात आमचे घोडे होते. तिची द्राक्षबाग आमच्या मळ्याएवढीच. घरचीच माणसे खुडणार, घरचीच पायांनी तुडवणार, आणि रस तळघरातल्या पिंपांत मुरवणार. मुलगे लढाईवर, म्हणून सवड मिळाली की मी तिच्या हाताखाली राबलो. छाटणी केली तेव्हा काडीकाडीच्या टोकातून पाणी ठिबकू लागले. मी घाबरलो. म्हातारीने आपल्या डोळ्याकडे बोट केले, मग वेलीकडे, आणि हसली. तिची भाषा मला येत नव्हती, पण एवढे कळले की वेल रडते म्हणजे मुळांत जीव आहे. निघताना तिने छाटणीचा वाकडा चाकू मला दिला. आता तिकडे पुन्हा लढाई पेटली आहे. तिची बाग कोणी छाटते की नाही, कोण जाणे.

तिच्याकडच्या काड्या बोटीतच वाळल्या. मग दौलताबादेहून आणून इथे लावल्या. पहिली कळशी मनकर्णाने घातली. दारू मात्र मी कधी काढली नाही; आबकारीवाल्यांचे पाय धरण्यापेक्षा द्राक्षे विकलेली बरी.

वेली मांडवावर गेल्यावर पहिली छाटणी केली, तशा त्या रडल्या. मुंजाजी धावत आला. "दादा, वेल रडायलीय! बरं न्हाई हे. घरातलं मानूस जाईल." मी त्याला हसलो. त्याच पंधरवड्यात मनकर्णा तापाने गेली.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढले. लोक तिच्या एकेक इच्छेचा अंदाज बांधून कबूल करत होते. शेवटी मुंजाजी म्हणाला, "वेली उपटतो म्हन, दादा. वहिनीचा जीव तितंच अडकलाय." मी म्हटले, नाही. तिने पाणी घातलेली वेल उपटून तिलाच कसली शांती मिळणार? अखेर दर्भाचा कावळा करून शिववला. मुंजाजी तिथून उठला तो माझ्याशी पुन्हा बोललाच नाही.

मला त्याचा राग आहे, हे इथे नमूद करतो. त्याच्यावाचून करमत नाही, हेही नमूद करतो. विहिरीवर त्याची पाळी असली की मी काम नसताना कळशी घेऊन जातो. तो तोंड फिरवतो.

हे लिहिताना कागद लिहिणारे दत्तोपंत कुलकर्णी थांबले. म्हणाले, "सटवाजी, कायद्याच्या कागदात हे कशाला?"

मी म्हटले, "लिवा पंत. ऐकायला दुसरं कोन हाय?"

तरी बाग, विहिरीतला माझा हिस्सा आणि तो वाकडा चाकू मी मुंजाजीलाच देतो. अट एकच. माझ्यामागची पहिली छाटणी त्याने स्वतःच्या हाताने करावी, सुतकाचे निमित्त काढून टाळू नये. नाही केली तर बागही बायनाबाईची. छाटल्यावर वेली रडतील. त्याने भिऊ नये, पुसू नये. माझ्यामागे रडणारे या घरात दुसरे कोणी नाही.

माझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही तर लोकांनी उन्हात अंदाज करत बसू नये. वेली उपटण्याचे तर कोणीच कबूल करू नये. माझा जीव कशात अडकला आहे ते आताच सांगून ठेवतो. मुंजाजीने एकदा 'दादा' म्हणून हाक मारावी, कावळा शिवेल.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. एक अक्षर बदलायचे नाही.

निशाणी अंगठा: सटवाजी वल्द माणिकराव

साक्षीदार: व्यंकटराव पाटील व आबासाहेब, दोघे राहणार चारठाणा
लिहिणार: दत्तोपंत कुलकर्णी

मुक्काम बोरी, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६५, फसली सन १३५३