उद्याचं नाणं खोटं निघू दे

सफोक, शुक्रवार

प्रिय हिल्डा,

तू दिलेला केक अजून पुरतोय आणि पाठही बरी आहे, तेव्हा काळजी करू नकोस. कुत्र्याचा पाय कसा आहे?

परवा थर्लोच्या बीट काढलेल्या शेतात माझं धातू शोधायचं यंत्र जोरात वाजलं. खणलं तर जुन्या राजाच्या छापाची चांदीची नाणी. शेतमालकाला बोलावल्याशिवाय काही उचलायचं नाही, हा आम्हा शोधणाऱ्यांचा नियम. पण आनंदाच्या भरात मी ती थेट थर्लोच्या स्वयंपाकघरात नेली. एक नाणं अंगठ्याने पुसलं, तर खालून तांबं दिसलं. सगळीच तशी. कुणा जुन्या ठकाने तांब्यावर चांदीचा मुलामा चढवला होता.

थर्लोने चहाचा कप खाली ठेवला. "छान. आणि खरी कुठे आहेत, डेस्मंड?"

"अरे बाबा, हीच निघाली."

"अर्धा वाटा ठरला होता आपला. आता काय नकली वाटून घेऊ?"

त्याने माझ्या गाडीची झडती घेतली. काही मिळालं नाही, पण पबमध्ये आता माझ्या शेजारी कुणी बसत नाही.

त्याच खड्ड्याच्या कडेला यंत्र अजून वाजतंय. मी हात लावलेला नाही. उद्या सकाळी संग्रहालयाच्या बाईंसमोर थर्लो स्वतः खणणार आहे. खरं नाणं निघालं, तर बाकीची खरी मी लपवली आणि नकली पुढे केली असंच सगळे म्हणतील, आणि मी चोर ठरेन.

जन्मभर खऱ्या नाण्यासाठी देवाला विनवलं. हे पत्र तिकडे येणाऱ्या एकाच्या हाती आजच धाडतोय; आज माझ्यासाठी तू उलटं मागणं माग.

कोंबड्यांचं दार नीट लाव.

तुझाच,
डेस्मंड