प्रसादबद्दल मी काय सांगितलं

प्रिय ओंक्या,

आज शुक्रवार. जेवणं झाली, तुझे भाऊजी आत घोरतायत, ईरा कानात हेडफोन घालून तिच्या जगात आहे. मी कागद घेऊन बसले, कारण उद्या सकाळी मला दोन फोन करायचेत. एक चिपळूणला आईला आणि एक पुण्याच्या एका बाईंना. दोघींना जे सांगायचंय ते आधी तुला सांगायला हवं. तुझ्याबद्दलच आहे ना ते! परवानगी मागतेय म्हण हवं तर.

काल संध्याकाळी मी प्रसादकडे गेले होते. हो, इथे कुवेतमध्येच, सबाह अल-सालेमच्या तुमच्या त्याच फ्लॅटवर. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. दोन वर्षं मी त्या बाजूला गाडीसुद्धा वळवली नाही.

का, ते ऐक.

जॉर्जियाच्या डोंगरातून तुला घेऊन प्रसाद आला. तिथून मुंबई, मुंबईहून चिपळूण. तेराव्यापर्यंत थांबला. पाणी भरलं, खुर्च्या उचलल्या, आईला गोळ्या दिल्या. सगळे म्हणत होते, मित्र असावा तर असा. आणि मला तिथेच त्याचा संशय आला. एवढं कोण करतं रे? ज्याच्या मनाला काही खात असतं तोच ना?

तुला माहितेय मी कशी आहे. वीस वर्षं लॅबमध्ये काढली. नमुन्याच्या बाटलीवरच्या नावावरही माझा विश्वास नसतो, दोनदा बघितल्याशिवाय मी सही करत नाही. तशीच मी त्याचं बोलणं ऐकत होते. मला तो म्हणाला, "आम्ही एकेकजण उतार ओलांडत होतो. ओंकार पुढे होता." दुसऱ्या दिवशी ओसरीवर काकांना सांगताना म्हणाला, "तो मागे होता." पुढे की मागे? एका दिवसात माणूस असा विसरतो?

मग पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब. मी प्रत मागितली. म्हणाला, "त्यांच्या भाषेत होता ताई, मी घेतलाच नाही." प्रसादने घेतला नाही? वॉशिंग मशिनचं वॉरंटी कार्ड पाच वर्षं फाइलमध्ये जपणाऱ्या माणसाने?

आणि सगळ्यात मोठं म्हणजे ते यंत्र, बीकन. तुम्हा सगळ्यांच्या छातीला बांधलेलं होतं. एक जण बर्फाखाली गेला की बाकीच्यांनी आपलं यंत्र शोधावर लावायचं, बाण दिसतो, आकडा दिसतो, माणूस सापडतो. मी सगळं वाचून काढलं होतं. मग तू वेळेत का सापडला नाहीस? मी त्याला तसं विचारलंसुद्धा.

"सापडला ताई," तो म्हणाला. "उशीर झाला."

आणि खाली बघत राहिला. खाली बघून बोलणारा माणूस माझ्या डोक्यात जातो, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे!

मग मी बोलायला लागले, ओंक्या. कुवेतला परत आल्यावर, मंडळाच्या गणपतीला, वाढपाच्या रांगेत. "घाबरून पळाला असेल तो. आधी स्वतःचा जीव वाचवला असेल." प्रत्येक वाक्याला मी 'असेल' लावत होते. पण पुढे सांगताना 'असेल' कोण सांगतं? पुढच्या वर्षी प्रसाद गणपतीला आला नाही. कोणी बोलावलं नसावं. मला बरंच वाटलं.

आणि त्या पहिल्या गणपतीनंतर महिन्याभरात आलेला तो पुण्याचा फोन. प्रसादचं एका मुलीशी जवळजवळ ठरलं होतं. तिच्या आईने कुठूनतरी माझा नंबर मिळवला होता. म्हणाल्या, "तुम्ही त्याला जवळून ओळखता म्हणून विचारते. मुलगा कसा आहे?"

मी म्हटलं, "हुशार आहे. निर्व्यसनी आहे. पण अडचणीच्या वेळी बरोबर थांबेल का, ते मी नाही सांगू शकत. माझा भाऊ त्याच्याबरोबर गेला होता."

त्या "कळलं" म्हणाल्या. फोन ठेवून मी चहा केला. आणि तो मला गोड लागला रे! हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला पुरावा हवा होता. म्हटलं, तुम्ही करत होता तोच बर्फातला स्कीचा कोर्स करायचा, त्याच वाटाड्याकडे, आणि प्रसादची प्रत्येक गोष्ट तिथे जाऊन पडताळायची. भाऊजींनी कपाळाला हात लावला. ईरा म्हणाली, "मम्मा, यू आर नॉट अ डिटेक्टिव्ह." मी पाठीला तांदळाची पिशवी बांधून बनेद अल-गारच्या आपल्या बिल्डिंगचे सात मजले चढायला-उतरायला लागले. खालचा हारिस, आमचा इजिप्शियन रखवालदार, रोज विचारायचा, "मॅडम, लिफ्ट बंद?" तो माझ्यावर हसतो असा मला त्याचाही संशय यायचा.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात आठवडाभर जॉर्जियातल्या रिसॉर्टवर नुसतं स्की घालून पडायला शिकले. बेचाळिसाव्या वर्षी! पाच वर्षांची पोरं माझ्या बाजूने सुळकन निघून जायची. आणि या जानेवारीत तो कोर्स. तिथे लिफ्ट नाही, तयार वाट नाही, आपल्याच पायांनी डोंगर चढायचा आणि मग उतरायचा. वाटाड्या तोच, लेवान. पासपोर्टवर माझं सासरचं आडनाव, त्यामुळे मी कोण ते त्याला कळायचं कारण नव्हतं.

स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या म्हणजे चढताना मागे घसरत नाही, हे पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी चढावर वळायला शिकवलं. एक पाय उचलून पार उलटा फिरवायचा, आणि मग दुसरा त्याच्यामागे. मी चारदा तोंडावर पडले. तू पहिल्यांदा पडलास तेव्हा हसला असशील. मी लेवानकडे बघत होते. हा आपली माणसं किती वेळा मोजतो? मागे वळून बघतो का? बघायचा रे. सारखा बघायचा. मला वाटलं, आता बघतोय, तेव्हा बघत नसेल.

बर्फ तपासायलाही त्याने शिकवलं. खड्डा खणायचा, बर्फाचा खांब मोकळा कापायचा, वर फावडं ठेवून थापट्या मारायच्या. आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून. आत कुठे कच्चा थर असला की खांब सरळ कापल्यासारखा सरकतो. माझा खांब जागेवरच राहिला, तरी मी म्हटलं, मला हा उतार पटत नाही. लेवान खूश. म्हणाला, "बर्फावर विश्वास ठेवू नका, हे शिकवायला मला तीन दिवस लागतात. तुम्ही घरूनच शिकून आलात."

तिसऱ्या दिवशी बीकनची परीक्षा. एका पिशवीत यंत्र घालून त्याने ती बर्फात पुरली आणि वरून बर्फ पायाने तुडवून घट्ट केला. "सुरू!" म्हणाला. मी धावले. बाण डावीकडे दाखवत होता, मी घाईत उजवीकडे. अंतराचा आकडा वाढायला लागला तेव्हा चूक कळली. परत फिरले, जागा मिळाली, लांब सळई खुपसून खुपसून पिशवी लागली. मला वाटलं, झालं! संपलं!

पण संपतं कुठे? मग खणायचं असतं. हा आपल्याला वाटतो तसा भुसभुशीत बर्फ नव्हता, सिमेंट झालेला होता. फावडं आपटलं की हाताला झिणझिण्या. हात दुखून आले, छातीत धाप मावेना, आणि पिशवी होती फक्त माझ्या हाताच्या लांबीएवढी खोल. ती वर निघाली तेव्हा मी घड्याळ बघितलं. एकोणीस मिनिटं. बर्फाखाली पंधरा मिनिटांनंतर माणूस क्वचितच जगतो. ऊन होतं, सपाट जागा होती, आणि खाली माणूस नव्हता.

मी बर्फातच बसले आणि तोंडातून निघून गेलं, "माझ्या भावाला काढायला त्याच्या मित्राला किती वेळ लागला होता?"

लेवानने चष्मा वर केला. "ओंकार?" म्हणाला.

मी मान हलवली.

तो माझ्या शेजारी येऊन बसला. त्याने जे सांगितलं ते असं. तुम्ही दोघांनी तो उतार नीट, एकेक करून ओलांडला होता. पलीकडच्या खडकापाशी तुम्हाला थांबवून, अजिबात हलू नका असं बजावून तो पुढची वाट तपासायला वर गेला. आणि तू परत मागे गेलास. त्याच उतारावर.

"कशाला?" मी विचारलं.

"हातमोजा. मध्ये कुठेतरी पडला होता."

उतारावरचा बर्फ सुटला आणि तुला घेऊन गेला. वरून लेवान खाली पोचेपर्यंत प्रसादने तुला शोधलं होतं आणि एकटा खणत होता. तुझ्या तोंडापर्यंत पोचायला माझ्या त्या पिशवीच्या दुप्पट खोल जायचं होतं. लेवान म्हणाला, "फावड्याचा दांडा मोडला तेव्हा त्याने हातांनी खणलं. मी असतो तरी याहून लवकर झालं नसतं. हे सगळं जबाबात आहे. इंग्रजी करून प्रत मीच त्याला दिली."

पुढे आणि मागे. ओलांडताना तू पुढे होतास, बर्फ सुटला तेव्हा मागे. प्रसाद दोन्ही वेळा खरंच बोलला होता!

ओंक्या, एका हातमोज्यासाठी? स्पष्ट सांगितलेलं असताना? लहानपणापासून तुला दहा वेळा सांगावं लागायचं, आणि अकराव्यांदा तू "हो गं" म्हणून तेच करायचास. त्या डोंगरावर मी तुझ्यावर इतकी चिडले की रडायचं राहूनच गेलं.

पण एक गाठ सुटत नव्हती. प्रत होती तर प्रसादने लपवली का? त्यात त्याची काहीच चूक नव्हती. उलट तो सुटत होता. मला परत संशयाचा वास यायला लागला. म्हणून काल गेले.

त्याने दार उघडलं, मला बघून एक पाऊल मागे सरकला, मग म्हणाला, "या ताई." बारीक झालाय. हॉलमध्ये तोच सोफा. त्याने चहा टाकला. मी सरळ विचारलं, "लेवानला भेटून आले. जबाब का लपवलास?"

"काय सांगू तुम्हाला," तो म्हणाला.

"खरं सांग. खोटं ऐकायला एवढ्या लांब आले नाही."

"त्यात हातमोज्याचं होतं. तुम्ही वाचलं असतं आणि विचारलं असतं, हातमोज्यासाठी कोणी परत जातं का." त्याने चहा आणून ठेवला. "मी त्याची बाही धरली होती ताई. म्हटलं, राहू दे, माझ्या बॅगेत जादा जोड आहे. तर हसला. म्हणाला, 'ताईने दिलेत. एक जरी हरवला तर ती माझा जीव घेईल.' आणि गेला."

ते मी सालमियाच्या मॉलमधून आणले होते ना रे? आत लाल अस्तर असलेले. विमानतळावर तुला बोटाने दम देऊन म्हणाले होते, "एक जरी हरवलास तर घरात घेणार नाही." तू कायम सगळं हरवायचास. मी गंमत करत होते, ओंक्या! तुला कळलं होतं ना, मी गंमत करत होते?

प्रसाद म्हणाला, "हे वाक्य तुमच्या कानावर जायला नको होतं. आईंच्या तर नाहीच."

"आणि मी पुण्याला काय सांगितलं, ते तुला कळलं होतं?"

"हो. त्यांनी तुमचं नाव घेऊनच सांगितलं."

"मग तेव्हा तरी बोलायचंस!"

"तेव्हा बोललो असतो तर ते स्वतःसाठी झालं असतं." मग म्हणाला, "तिचं लग्न झालं. गेल्या मेमध्ये. चहा घ्या, गार होतोय."

मी माफी मागितली. दोनदा मागितली. तो कप उचलून आत गेला, आणि दोन कप धुवायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ नळ चालू होता. बाहेर आल्यावर त्याने जबाबाची प्रत माझ्या हातात दिली. दारापर्यंत सोडायला आला. "भाऊजींना नमस्कार सांगा," एवढंच. माफ केलं की नाही, मला माहीत नाही. करायलाच हवं असंही काही नाही.

आता तुझ्याकडे येते. आईला अजून वाटतं की प्रसाद तुला टाकून पळाला. ते तिच्या डोक्यात मीच घातलं. आणि ते काढायचं तर तिला सांगावं लागेल की तिचा ओंकार सांगितलेलं न ऐकता मागे गेला. प्रसादला मोकळं करायचं तर तुला थोडं दोषी धरावं लागतं, आणि तुझ्याबरोबर मला. त्याने दोन वर्षं हे उलटं करून ठेवलं होतं. तुझ्याऐवजी स्वतःला. चालेल ना तुला? नाही चाललं तरी मी सांगणार आहे.

अजून एक सांगते, कारण मी कशी आहे ते तुला माहीत आहे. काल त्याच्याकडून निघाले आणि लिफ्टचं दार बंद झाल्याबरोबर मनात आलं, हे वाक्य त्याने रचलं तर नसेल? मला कायमचं गप्प करायला? लेवान तर तेव्हा वर होता. तुझं ते बोलणं प्रसादशिवाय कोणीच ऐकलेलं नाही. लाज वाटली, पण आलं मनात.

तर ऐक. उद्या दहा वाजता मी पुण्याला फोन करीन. उशीर झालाय, त्या मुलीचं काही बदलणार नाही, तरी मी चुकीचं बोलले हे त्यांना माझ्याच तोंडून कळेल. मग आईला, सगळं, माझ्या हातमोज्यांसकट. यंदाच्या गणपतीला, ज्या रांगेत बोलले त्याच रांगेत उभी राहून, 'असेल' न लावता सांगीन. आणि लिफ्टमधली ती शंका मी तपासणार नाही, ओंक्या. कुठे फोन नाही, कोणाला विचारणं नाही. प्रसाद म्हणाला तसंच घडलं, असं मी धरून चालणार आहे. तुझी शपथ.

तुझीच,
ताई